ब्रेक दाबला की थांबतो

शनिवार, ७ फेब्रुवारी

आज थोरल्या मेहुणीकडे जाऊन आलो. तिचे गुडघे गेल्यापासून ती घराबाहेर पडत नाही. म्हणून ही दर शनिवारी तिच्याकडे जाते आणि हिला न्यायला मी जातो. तासाभराहून थोडा जास्तच रस्ता आहे. खरं सांगायचं तर आठवड्यात आम्ही दोघं सलग एका जागी बसतो ते तेवढंच. घरात ही एका खोलीत, मी दुसऱ्या.

येताना ही म्हणाली, "गाडी ओरडतेय."

"कुठं?"

"ही काय, आत्ता. ऐका ना."

रेडिओ बंद केला, काच खाली केली, कान टवकारले. गाडी छान चालली होती. तसं सांगितलं तर ही माझ्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात आणखी काहीतरी म्हणाली. मी "हो हो" म्हणालो. इतक्या वर्षांच्या संसारात हो म्हणणं सगळ्यात सोपं असतं.

बाटल्या भरायच्या कारखान्यात मी देखभाल खात्याचा फोरमन होतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं कुठलं बेअरिंग बिघडत चाललंय ते सांगायचं, ही माझी ख्याती. लोक मला डॉक्टर म्हणायचे. त्या डॉक्टरला आता ही आजार शिकवणार!

पूर्वी गाडीत बसली की ही गुणगुणायची. एकही गाणं धड पूर्ण नाही, सूर आपला जाईल तिकडे. मी निवृत्त झालो त्या सुमारास ते बंद झालं. का ते मी विचारलं नाही. दिवसभर घरात नवरा दिसायला लागला की गाणं आटत असेल. हे फक्त इथे लिहितोय.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळी बॉनेट उघडलं. जुना स्क्रूड्रायव्हर काढला, त्याची लाकडी मूठ अजून माझ्या कानाच्या मापाची आहे. इंजिन चालू ठेवून एकेक जागा ऐकली. सगळं ठणठणीत. उलट धुराच्या नळीचा एक पत्रा सैल होऊन घुरघुरत होता, तो सापडला. तो हिला ऐकू आला नव्हता, मला आला. बोल्ट आवळला आणि आत येऊन सांगितलं, "झालं तुझं काम."

ही म्हणाली, "घुरघुर नव्हती हो. किंचाळत होती."

बायका शब्द फार ताणतात.

बुधवार, ११ फेब्रुवारी

कारखान्यात मशीन चालवणाऱ्याला विचारायचो तसं आज हिला बाजूला बसवून रीतसर विचारलं. आवाज कधी सुरू होतो? कुठून येतो? वळताना वाढतो का? ही मन लावून सांगत होती. गाडी जरा पळायला लागली की सुरू होतो. बारीक आहे, सुईसारखा. हिच्या बाजूच्या पुढच्या चाकाकडून येतो. आणि ब्रेक दाबला की थांबतो.

शेवटच्या मुद्द्याला मी हसलो. ब्रेकचा आवाज असता तर ब्रेक दाबल्यावर आला असता. दाबल्यावर थांबतो म्हणजे ब्रेक निर्दोष. साधा हिशेब आहे. बारीक किंचाळी म्हटलं की फॅनबेल्ट, दुसरं काही असूच शकत नाही. बेल्टवर थोडं पाणी शिंपडलं की आवाज बदलतो, ही त्याची जुनी परीक्षा. ती केली. आधीही आवाज नव्हता आणि नंतरही नव्हता, त्यामुळे परीक्षेचा निकाल काय धरायचा ते कळेना. तरी नवा बेल्ट आणून बसवला. हिच्या मनाचं समाधान व्हायला हवं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

समाधान झालं नाही. चौकापर्यंत पोचलो तोच ही म्हणाली, "आहेच की तो. वाढलाय उलट."

"अगं, नवा बेल्ट घातलाय!"

"मग बेल्टचा नसेल."

मी म्हणालो, गाडीत काही नाही, तुझ्या डोक्यात आहे. म्हणायला नको होतं. ही म्हणाली, "गाडी थांबवा. मला भीती वाटते अशा गाडीत. आवाज बंद होईपर्यंत मी बसनं जाईन."

थांब्यावर उतरली, पिशवी घेतली आणि बस येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी घरी आलो आणि उगाच गाडी धुतली.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

मुलीचा फोन. हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, त्यात फोन कंपन्यांचा आनंदीआनंद. तीनदा "काय?" विचारलं, मग फोन हिच्याकडे दिला. त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या.

घरातल्या वस्तूही आता धड मिळत नाहीत. शिट्टीची किटली हौसेनं घेतली होती, शिट्टीच वाजेना. एकदा पाणी आटून तळ काळा झाला तेव्हा हिनं ती माळ्यावर टाकली. दारावरची घंटा चांगली चिमणीसारखी होती, ती काढून हिनं एक ठण्णकन वाजणारी बसवून घेतली. अग्निशामक दलाला शोभेल अशी. टेबलावर माझ्या उजवीकडे बसायची, ती आता डावीकडे बसते. विचारलं तर म्हणते, "इथं वारा लागतो." काय वारा लागतो देव जाणे.

एक प्रश्न मनात येतो तो लिहून टाकतो. आवाज नसताना आवाज आहे म्हणायचं, त्या निमित्तानं बसनं जायचं. म्हणजे हिला माझ्याशेजारी बसायचंच नाही, असं तर नाही?

शनिवार, २१ फेब्रुवारी

आज वेडेपणा केला. ही बसमध्ये चढली आणि मी रिकामी गाडी घेऊन बसच्या मागे निघालो. मेहुणीच्या दारापर्यंत. शेजारची सीट रिकामी असली की तेवढाच रस्ता किती लांब वाटतो!

वाटेत माणसं वळून वळून बघत होती. एका सिग्नलवर एक म्हातारे गृहस्थ तर थांबून पुढच्या चाकाकडे बोट दाखवून काहीतरी बोलले. कालच पॉलिश केली होती, मी हात केला.

बसमधून उतरून ही तडक माझ्याकडे आली. मला वाटलं खूश होईल. म्हणाली, "तुमची गाडी मला बसमध्ये ऐकू येत होती. शेवटच्या बाकावरच्या बाईनं खिडकी लावून घेतली." हिची अतिशयोक्ती आता बसच्या लांबीएवढी झाली आहे.

मेहुणीनं चहा दिला. दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसत होत्या, मी बिस्किटं खात होतो. जाताना ही पुन्हा बसनं गेली. मी पुन्हा मागे. या वेळी जरा अंतर ठेवून.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

मुलगी आली. म्हटलं, तटस्थ साक्षीदार मिळाला. तिला बसवून मोठ्या रस्त्यावर एक फेरी मारली. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बाबा, गंमत करताय ना? हा आवाज तुम्हाला येत नाही?"

घरी आल्यावर मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं ते मी पाहिलं. म्हणजे आधीच ठरलेलं होतं. फोनवर एवढा वेळ काय चाललं होतं ते कळलं. आता एकच उपाय. लंबूच्या गॅरेजमध्ये गाडी न्यायची आणि त्याच्याकडून वदवून घ्यायचं की आवाज नाही. लंबू इतका उंच आहे की गाडीखाली शिरताना घडी घालावी लागते, पण माणूस सरळ आहे. कुणाची बाजू घेणार नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

नीट लिहायला हवं. जसं झालं तसं.

गॅरेजच्या फाटकातून आत वळलो तर लंबू दुसऱ्या गाडीखालून स्वतःच बाहेर आला. मी काही सांगायच्या आत म्हणाला, "काका, ब्रेक पॅड संपलेत तुमचे. किती दिवस झाले?"

"तू बघितलंस कुठं अजून?"

"बघायचं काय त्यात? गल्लीच्या तोंडापासून ऐकतोय."

मी म्हणालो, हे बघ, ब्रेक दाबला की आवाज थांबतो असं घरच्यांचं म्हणणं आहे, मग तो ब्रेकचा कसा? तो म्हणाला, "म्हणूनच तर ब्रेकचा." चाक काढून त्यानं पॅड दाखवला. त्याला कडेला एक लहानशी पत्र्याची जीभ असते. पॅड झिजत झिजत संपायला आला की ती जीभ चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासते आणि ओरडते. ब्रेक दाबला की ती घट्ट दाबली जाते, थरथरायची थांबते, म्हणून तेवढ्यापुरता आवाज बंद. मुद्दाम केलेली सोय आहे. माणसाला कळावं म्हणून.

"हे बघा," म्हणून त्यानं दोन्ही हातांनी डिस्क फिरवली. त्याचा चेहरा आंबट झाला. पलीकडे स्कूटर घेऊन आलेली बाई मान वळवून बघायला लागली. लंबू माझ्याकडे बघत होता.

मला काहीच ऐकू आलं नाही.

"फिरव पुन्हा," मी म्हणालो. त्यानं फिरवली. मी त्याच्या फळीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक ब्रेकला टेकवलं, मूठ कानाला. घासल्याची जाड खरखर ऐकू आली, ती स्पष्ट आली. तिच्याहून बारीक काहीच नाही. मग स्क्रूड्रायव्हर ठेवून नुसतं बोट लावलं. बोटाखाली एक बारीक, सुईसारखी थरथर होती. हिनं सुईसारखाच म्हटलं होतं. बोटाला कळत होतं, कानाला नाही.

लंबूनं डिस्क फिरवायची थांबवली. थरथर थांबली.

"काका, बसा," तो म्हणाला. मग स्टूल आणून दिलं आणि नवे पॅड बसवायला घेतले. माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागला नाही, याबद्दल त्याचे उपकार आहेत. पॅड अगदी कागदाएवढा उरला होता. आणखी एक-दोन खेपा आणि उतारावर काय झालं असतं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हिला ज्या गाडीत भीती वाटत होती त्या गाडीत मी तिला बळंच बसवणार होतो.

घरी येऊन हिला म्हणालो, "ब्रेक पॅड होते. बदलले." ही म्हणाली, "बरं झालं बाई." बाकीचं सांगितलं नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सकाळी माळ्यावरून किटली उतरवली. पाणी ठेवलं. तोंडाशी वाफेचा फवारा आला तेव्हा तोटीवर बोट धरायला गेलो आणि भाजलं. शेजारच्या खोलीतून ही म्हणाली, "अहो, बंद करा ती शिट्टी!"

किटली चांगली आहे.

शनिवार, २८ फेब्रुवारी

ही गाडीत बसली. पट्टा लावला, पिशवी पायाशी ठेवली, आणि पहिल्या चौकापर्यंत मान तिरकी करून ऐकत राहिली. मग पाठ टेकली. शेजारी ती बसली एवढ्यानंच मला इतकं बरं वाटलं की न सांगता चाललं असतं. पण तोंडाला कुलूप लावून किती दिवस काढणार?

गाव मागे पडल्यावर म्हणालो, "मला तो आवाज कधी आलाच नाही. गॅरेजमध्येही नाही. लंबूला आला, मला नाही. माझे कान गेलेत."

मला वाटलं ही दचकेल. ही समोर बघत म्हणाली, "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"झाली की काही वर्षं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की! अनेकदा सांगितलं. याच गाडीत. परवासुद्धा म्हटलं, एकदा कान दाखवून घेऊ या. तुम्ही हो हो म्हणालात."

मी विचारलं, "ती घंटा?"

"चिमणी वाजायची, तुम्ही दार उघडायचा नाहीत. पोस्टमन परत जायचा."

"आणि टेबलावर डावीकडे?"

"तुमचा डावा कान जरा बरा आहे."

आणि मी ते वाऱ्याचं निमित्त समजत होतो. डोळे भरून आले. गाडी चालवताना ते बरं नाही म्हणून बाजूला घेतली. ही म्हणाली, "काय झालं? पुन्हा आवाज येतोय का?" आणि आपल्याच प्रश्नाला हसत सुटली. मीही हसलो. मेहुणीकडे पोचायला उशीर झाला.

सोमवार, ९ मार्च

कान तपासून आलो. हीही सोबत आली होती. एका बंद काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर जाड चकत्या, आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीचे घुमणारे आवाज मी पटापट दाबले. मग बराच वेळ नुसतं बसून होतो. मला वाटलं तपासणाऱ्या बाई चहाला गेल्या. काचेतून बघितलं तर त्या एकसारख्या कळ फिरवत होत्या.

त्यांनी आलेख दाखवला. जाड आवाजांपर्यंत रेषा सपाट, बारीक आवाजांपाशी कडा तुटल्यासारखी खाली. त्यांनी विचारलं, कुठे काम करत होता? बाटल्यांच्या कारखान्यात. कानांत काही घालत होता? कंपनी बोळे द्यायची. मी घालत नसे. कान बंद करून मशीन कसं ऐकणार? त्या चांगल्या बाई होत्या, एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे, फोरमनच ना तुम्ही."

चार माणसं म्हातारी होतात तसा मी झालो, असं समजून चाललो होतो. तसं नाही. हे ज्या कामावर माझी ख्याती होती त्याच कामानं केलं. राग कुणाचा यावा ते कळत नाही, म्हणून येत नाही.

बुधवार, १८ मार्च

यंत्रं मिळाली. कानांमागे दोन, शेंगदाण्याएवढी. लावली आणि घरात केवढा कालवा! वर्तमानपत्र उलगडलं तर कुणीतरी पत्रे फेकतंय असं वाटलं. माझ्या चपला बोलतात. नळ, फ्रिज, हिच्या बांगड्या, सगळ्यांना एकाच दिवशी वाचा फुटली आहे. जेवताना माझ्याच दातांचा आवाज ऐकून घास ठेवला. ही इतकी वर्षं हा आवाज सहन करत होती?

दुपारी काढून ठेवली. संध्याकाळी पुन्हा लावली. ही म्हणते सवय होईल. बाहेरच्या झाडावर पक्षी आहेत. ते कुठेतरी निघून गेले असं मी मागच्या वर्षी सगळ्यांना सांगत होतो.

शनिवार, २१ मार्च

यंत्रं लावून पहिल्यांदाच मेहुणीकडे निघालो. गाडीत इतके आवाज असतात हे मला ठाऊकच नव्हतं. टायरचा वेगळा, वाऱ्याचा वेगळा, कप्प्यातल्या किल्ल्यांचा वेगळा. मन लावून एकेकाला नाव देत होतो. ही खिडकीबाहेर बघत होती.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि एक नवा आवाज आला. बारीक. हिच्या बाजूनं. पद्धत ठरलेली आहे, त्या पद्धतीनं घेतलं. गाडी पळायला लागली की सुरू होतो. वेग वाढला तरी तो वाढत नाही, म्हणजे चाकाचा नाही. वळणावर बदलत नाही, म्हणजे बेअरिंग नाही. खड्डा आला की तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. समोर एक ट्रक आला, ब्रेक दाबला.

थांबला.

नवे पॅड! एवढ्यात संपले? लंबूला काय म्हणावं? ट्रक गेला, रस्ता मोकळा झाला, आवाज पुन्हा आला. जरा चढला, जरा उतरला, कुठेतरी रेंगाळला. ब्रेक पॅड रेंगाळत नाही. मी मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. ही खिडकीबाहेरच बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते आणि गळा हलत होता. ब्रेक लागला की रस्त्याकडे बघायला ती थांबायची, एवढंच.

ती कधी थांबलीच नव्हती. मी निवृत्त झालो म्हणून नाही, घरात जड झालो म्हणून नाही. इतकी वर्षं दर शनिवारी ती माझ्या शेजारी बसून गात आली, आणि मी रेडिओ लावत होतो.

बोलावंसं वाटलं, पण बोललो असतो तर ती थांबली असती. तेवढ्यात मेहुणीच्या गावाचं वळण आलं. हिचं गाणं कधी नव्हे ते एका जागी जमून आलं होतं. वळायचं तर ब्रेक दाबावा लागला असता. मी सरळ पुढे गेलो.

"अहो! वळण मागे राहिलं!" ही म्हणाली. "मी केव्हाची हात दाखवतेय, लक्ष कुठं आहे?"

"ऐकू नाही आलं," मी म्हणालो.